झेझुमा मिलोगोचा नकार

झेझुमा मिलोगोच्या तोंडून "नाही" हा शब्द आमच्या बोबो-जुलासो शहरात कुणी ऐकला नव्हता. मासळीवाली म्हणायची, "घ्या साहेब, आत्ताच आलीय," आणि मासळी कालची आहे हे डोळ्यांना दिसत असूनही हा घ्यायचा. नात्यातल्या कुणाला मोटारसायकल हवी असली, की तो सरळ राजधानीची बस पकडून झेझुमाच्या कचेरीत जाऊन बसायचा आणि येताना मोटारसायकलवरून यायचा. त्याची बायको फिलोमेन चारचौघांत त्याच्या तोंडावर म्हणायची, "माझ्याआधी दुसरी कुणी विचारायला गेली असती, तर हे तिलाही हो म्हणाले असते." यावर तो हसायचा. हसणं असं दांडगं, की अंगणातल्या कोंबड्या पांगायच्या.

तर असा हा माणूस त्या दिवशी सकाळी नवा करडा सूट चढवून आरशापुढं उभा होता आणि नाही म्हणायची तालीम करत होता.

"नाही," तो आरशाला म्हणाला.

"कुणाला विचारताय?" फिलोमेननं बाहेरून आवाज दिला. ती अंगणात दोलो गाळत होती. तिच्या हातची ती ज्वारीची दारू प्यायला अर्धा मोहल्ला संध्याकाळी त्यांच्या अंगणात लोटायचा.

"विचारत नाहीये. नकार देतोय."

"मग भुवया कशाला वर नेता? दुकानदाराला भाव विचारल्यासारखं वाटतंय."

त्यानं भुवया खाली आणल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, मान किंचित तिरकी केली आणि घसा साफ करून म्हणाला, "आपली विनंती मान्य करणं आम्हाला शक्य होणार नाही."

"हे जमलं. पण हसू नका."

"मी कुठं हसलो?"

"तुमचं पोट हसलं."

एवढ्या तालमीचं कारण सांगतो. झेझुमाचा बाप दोलोच्या गुत्त्यांत बलाफोन वाजवायचा. पोरगं गणितात हुशार निघालं, म्हणून मिशनच्या पाद्र्यांनी त्याला पुढं शिकवलं आणि शिकून तो अर्थमंत्रालयाच्या कर्जखात्यात चिकटला. आमच्यासारख्या देशात कर्जखातं कर्ज देत नाही, घेतलेलं लांबवतं. दर काही वर्षांनी मंत्री, संचालक आणि सगळ्यांच्या मागे दोन जड बॅगा घेऊन झेझुमा अशी वरात पॅरिसला जायची. तिथं एका लांब टेबलाभोवती कर्ज देणाऱ्या देशांची माणसं बसायची. आमच्या मंत्र्यानं गाऱ्हाणं मांडायचं, मग आमच्या माणसांना बाजूच्या खोलीत पाठवायचं. बंद दाराआड सावकार आपसांत बोलायचे आणि मग अध्यक्ष येऊन, चष्म्यावरून बघत सांगायचा, "आपल्या अडचणींची आम्ही नोंद घेतली आहे." याचा अर्थ नाही. तो अर्थ झेझुमाला पहिल्याच फेरीत कळला होता.

वागायला ती माणसं वाईट नव्हती बरं का. पाणी द्यायची, बिस्किटं चांगली असायची, कुणी आवाज चढवायचं नाही. पण त्या खोलीत कुणी कुणाचं लागत नव्हतं. आमच्याकडे दोन परकी माणसं भेटली की आधी आडनाव विचारतात आणि आडनावावरून लगेच कळतं, की याला आदरानं नमस्कार घालायचा की तोंडावर शिव्या घालायच्या. तिथं आडनाव नुसतं टेबलावरच्या पाटीवर लिहिलेलं असायचं. एकदा कॉफीच्या वेळी झेझुमाला राहवेना. शेजारच्या पाहुण्याला तो म्हणाला, "तुमच्याकडे गोगलगाई खातात म्हणे. म्हणूनच व्याज इतकं हळूहळू कमी करता का?" आमच्याकडे एवढ्यावर गळाभेट झाली असती. तिथं त्या माणसाचे कान लाल झाले, आणि परतीच्या विमानात मंत्र्यानं ठणकावलं, "मिलोगो, यापुढं पॅरिसमध्ये तोंड फक्त बिस्किटासाठी उघडायचं."

ते त्यानं पाळलं. सगळी नोकरी मागच्या रांगेत गप्प बसून काढली. आता निवृत्ती तोंडावर आली होती आणि त्याच्या मनात एकच इच्छा उरली होती. मरण्याआधी एकदा सावकाराच्या खुर्चीत बसायचं, चष्मा नाकावर ओढायचा आणि समोरच्याला नाही म्हणायचं. एकदाच. मग बसचं तिकीट काढून घरी यायचं आणि अंगणात खुर्ची टाकून बसायचं.

आणि संधी चालून आली ना! मागं दुष्काळात आमच्या सरकारनं शेजारच्या मालीला बाजरीचे ट्रक उधारीवर पाठवले होते. ते देणं तसंच राहिलं होतं आणि आता मालीनं कळवलं होतं, की बसून सोक्षमोक्ष लावू. राजधानीत या फुटकळ प्रकरणात कुणाला रस नव्हता. पॅरिस नाही, विमान नाही, भत्ता नाही. संचालक तोए वयानं झेझुमापेक्षा लहान. तो म्हणाला, "मिलोगोदादा, बैठक तुमच्याच बोबोत ठेवतो. तुम्हीच प्रमुख. निम्मं सोडून द्या, निम्म्याचे हप्ते बांधून घ्या. निम्म्यावर एक पोतंसुद्धा जास्त सोडायचं नाही. जमेल ना?"

"जमेल," झेझुमा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

मग त्यानं सगळ्यात महत्त्वाचं काम केलं. मालीच्या राजधानीत, बामाकोला, फोन लावला आणि विचारलं, समोरून प्रमुख म्हणून कोण येतंय. तिकडून सांगितलं, मदाम त्राओरे. फोन ठेवून झेझुमानं कचेरीत एक गिरकी घेतली. त्राओरे चालेल! त्राओरेंचं थट्टेचं नातं वेगळ्या घराण्यांशी, बोबोंशी, म्हणजे झेझुमाच्या जमातीशी, त्यांचं काही नाही. फुलानी सोडून त्याला कुणीही चाललं असतं. कारण शेतकरी बोबो आणि गुराखी फुलानी हे थट्टेचे भाऊबंद. कधीपासून ते कुणाला ठाऊक नाही. बोबोनं फुलान्याला भर पोलीस चौकीत गुरं चोरणारा म्हणावं, फुलान्यानं बोबोच्या मयताला येऊन खड्ड्यात आडवं पडावं आणि चहा पाजल्याशिवाय उठणार नाही म्हणावं. दोघांनी एकमेकांना आपला गुलाम म्हणावं. रागवायचं कुणी नाही. आणि एकानं चारचौघांत काही मागितलं, तर दुसऱ्याला मोडता घालता येत नाही.

चूक झाली ती इथंच, आणि ती आमच्याकडच्याच माणसाच्या हातून होऊ शकते. त्यानं बाईंचं आडनाव विचारलं. बाई कुणाची लेक, ते विचारलं नाही.

बैठक गव्हर्नरच्या कचेरीतल्या दालनात होती. झेझुमा तासभर आधीच जाऊन बसला. खिडकीजवळची उंच पाठीची खुर्ची त्यानं स्वतः निवडली, बसून बघितली, उठला, पुन्हा बसला. बाजूला आमच्या सरकारच्या वकील निकिएमाबाई होत्या. कायद्यात पक्क्या आणि तोंडानं तिखट. त्या म्हणाल्या, "मिलोगोसाहेब, खुर्ची पळून चाललेली नाही."

मालीचे लोक आले. पुढं एक उंच, काटकुळी बाई, निळा पायघोळ झगा, डोक्याला तसाच निळा रुमाल. मागं तिचा मदतनीस तोगोला, गोल चेहऱ्याचा, घामाघूम झालेला. झेझुमानं चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि शुद्ध सरकारी फ्रेंचमध्ये म्हणाला, "मदाम, आपलं स्वागत असो. मी मिलोगो, शिष्टमंडळाचा प्रमुख. कृपया आसनस्थ व्हावं."

बाई बसली नाही. "मिलोगो?" ती जुला भाषेत म्हणाली. ती भाषा दोन्हीकडच्या बाजारात चालते. "म्हणजे बोबो?"

"होय, मदाम."

"या अल्ला! तोगोला, बघितलंस का? यांनी सावकार म्हणून माझा गुलाम बसवलाय!"

झेझुमाच्या नाकावरचा चष्मा टेबलावर पडला. "मदाम त्राओरे, आपण..."

"त्राओरे माझा नवरा. मी दादो सिदिबे. वासुलूची फुलानी, आईकडूनही आणि बापाकडूनही. ऊठ, मालकिणीला नीट बघू दे. बरा दिसतोस. सूट कुणाचा चोरलास?"

निकिएमाबाईंनी कपाळाला हात लावला. झेझुमाची एवढ्या वर्षांची इच्छा, नवा सूट, आरशापुढची तालीम, सगळं दारातच मातीत गेलं होतं. तरी त्यानं धीर सोडला नाही. फ्रेंच सोडायची नाही आणि बाईच्या डोळ्यांत बघायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं.

"आमच्या सरकारच्या वतीनं," तो छताच्या पंख्याकडे बघत म्हणाला, "मी असं नमूद करू इच्छितो की..."

"आधी पाणी दे."

झेझुमा उठला. जग उचलला, पेला भरला, तिच्यापुढं नेऊन ठेवला आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की आपण सावकार आहोत. निकिएमाबाई हळूच म्हणाल्या, "आता पंखाही घाला त्यांना."

"कर्जाच्या पन्नास टक्क्यांबाबत..." त्यानं पुन्हा सुरुवात केली.

"पन्नास कसले? सगळं सोड."

आता नाही म्हणायचं होतं. हीच ती वेळ. झेझुमानं श्वास घेतला, मान तिरकी केली, तोंड उघडलं. "या मुद्द्याचा आम्ही अभ्यास करू," तो म्हणाला.

"कर, कर. बोबोला अभ्यासाला बसवलं की दोलोचं मडकं रिकामं होतं, एवढंच होतं."

"आणि फुलान्याला राखणीला बसवलं की गोठा रिकामा होतो!" झेझुमाच्या तोंडून निसटलं, तेही जुलामध्ये, आणि पाठोपाठ ते दांडगं हसू. ते एकदा सुटल्यावर मग काय! दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्या काढल्या. बोबो कुत्र्याला बघून मसाला शोधतात, फुलान्याचं वजन करायचं तर झग्यासकट करावं लागतं, असलं काहीही. तोगोला तोंडावर हात धरून हसत होता. कर्ज बिचारं टेबलावर पडून होतं.

दुपारी फिलोमेन जेवणाची परात डोक्यावर घेऊन आली. बाजरीची उकड, भेंडीचं कालवण आणि रश्श्यात दोन कोंबड्या, आमच्या त्या सडपातळ, गल्लोगल्ली धावणाऱ्या, ज्यांना लोक सायकल-कोंबड्या म्हणतात. बातमी तिला वाटेतच कळली होती. परात ठेवून तिनं कमरेवर हात ठेवले. "हीच का ती? अगं बाई, खिडकी लावा, उडून जाईल. दूध पिऊन कधी कुणाचं पोट भरलंय?"

"आणि तुझ्या या नवऱ्याच्या पोटात किती मडकी मावतात गं?" दादो म्हणाली.

"मोजली नाहीत. तू ये संध्याकाळी मोजायला. पण दुरून. वास घेतलास तरी तुझा नमाज मोडायचा."

"तुझ्या दोलोचा वास मला मालीतच आला होता. म्हटलं, बोबो जवळ आलं."

दोघी एकमेकींच्या हातावर टाळी देऊन हसल्या आणि एकाच परातीतून जेवल्या. झेझुमाला बाजूला कोपऱ्यात जागा मिळाली.

जेवणानंतर मात्र निकिएमाबाईंनी त्याला खिडकीशी घेतलं. "मिलोगोसाहेब, संध्याकाळपर्यंत काहीतरी कागदावर यायला हवं. नातं असू दे. निम्म्याच्या पुढं गेलात तर तोएसाहेब आपल्या दोघांना उभं सोलतील."

झेझुमानं विचार केला आणि त्याला एक युक्ती सुचली. स्वतःला नाही म्हणता येत नाही ना? मग समोरच्याला म्हणायला लावू. तो खुर्चीत रेलून बसला.

"मदाम सिदिबे, पूर्ण माफीसाठी मी संचालकांना फोन लावतो. पण एक अट आहे. तुम्ही इथं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणायचं, की फुलानी हे बोबोंचे गुलाम आहेत."

तोगोलाचा चेहरा उजळला. "एवढंच? म्हणून टाका, मदाम!"

दादो ताठ बसली होती. "तोगोला, हिशेब काढ."

"कशाला?"

"भरून टाकू. व्याजासकट."

"मदाम!" तोगोला उभाच राहिला. "अहो, एक वाक्य आहे ते! एका वाक्यात देशाचं देणं फिटतंय!"

"माझा बाप वासुलूत पुरलाय. हे वाक्य ऐकलं तर कबरीतून चालत इथं येईल. पगार कापा माझा. गाई विका."

"आमची हरकत नाही," निकिएमाबाई कागद पुढं ओढत गोड आवाजात म्हणाल्या. "रोख देणार की हप्त्यानं?"

तोगोलानं हात जोडले, विनवण्या केल्या, मंत्र्याचं नाव घेतलं. शेवटी दादोनं मोठं मन केलं. "बरं. दोन देशांच्या मैत्रीखातर मी एवढं म्हणीन, की बोबो हीसुद्धा माणसंच आहेत. याच्यापुढं एक अक्षर नाही."

झेझुमा इतका हसला, की त्याच्या नव्या सुटाचं एक बटण तुटून तोगोलाच्या पेल्यात पडलं. पण बोलणी अडली ती अडलीच. निकिएमाबाईंनी चहासाठी सुट्टी जाहीर केली.

बाहेर व्हरांड्यात आंब्याची सावली होती. शिपायानं निखाऱ्यावर चहाची किटली चढवली होती. दादो कठड्याशी उभी होती आणि आता तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. झेझुमा जवळ गेल्यावर तिनं विचारलं, "तू त्या पॅरिसच्या खोलीत गेलायस ना?"

"पुष्कळदा. मागच्या रांगेत."

"मी पुढच्या आठवड्यात जातेय. पहिल्यांदाच. आमचा सगळा मोठा डोंगर तिथं आहे, ही बाजरी म्हणजे त्यातला एक खडा. कशी असते रे ती खोली?"

झेझुमानं थट्टेचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "थंड असते," तो म्हणाला. "शाल ने. बोलून झालं की बाहेर बसवतात. आत काय चाललंय ते कळत नाही. आणि तिथं कुणी काही लागत नाही आपलं. तुला गुलाम म्हणायला कुणी मिळणार नाही."

"पहिलं काय विचारतात?"

हा प्रश्न तिनं विचारायला नको होता, असं झेझुमाला वाटलं. कारण उत्तर त्याला पाठ होतं. "विचारतात, तुमच्या शेजाऱ्यांनी किती सोडलं. तुमच्या जवळच्यांनी सोडलं त्यापेक्षा जास्त आम्ही का सोडावं, असं म्हणतात."

"म्हणजे तू निम्मं सोडलंस..."

"तर ते म्हणणार, निम्मं खूप झालं."

दादोनं काही मागितलं नाही. एवढा वेळ तोंडाचा पट्टा चालवणारी ती बाई आता मागत नव्हती, हेच झेझुमाला जड गेलं. त्याच्या डोळ्यांपुढं तो बंद दरवाजा आला, बाजूची खोली, बशीतली बिस्किटं आणि तिथं एकटी बसलेली ही काटकुळी बाई. त्याला एकदम भडभडून आलं. इतकी वर्षं आपल्याला सावकाराची खुर्ची हवी आहे, असं तो समजून चालला होता. खरं तर त्या टेबलापलीकडून कुणीतरी एकदा विचारावं, मिलोगो म्हणजे कुठले, कुणाचे, एवढंच त्याला हवं होतं. आणि आज सकाळी दारातच एका बाईनं ते विचारलं होतं.

"चहा घे," तो म्हणाला. "मी फोन लावून येतो."

तोए फोनवर आधी भडकलाच. "सगळं? मिलोगोदादा, मी काय सांगितलं होतं? एक पोतंसुद्धा नाही!"

"तुम्ही सांगितलं ते बरोबर होतं, साहेब. पण समोर फुलानी आहे."

तिकडचा आवाज एकदम बारीक झाला. "काय म्हणालात?"

"दादो सिदिबे. वासुलूची. आईकडूनही आणि बापाकडूनही."

"आणि तिनं मागितलंय? सगळ्यांसमोर?"

"पाण्याच्या पहिल्या पेल्याबरोबरच."

"अरे देवा! तुम्हाला कुणी पाठवलं तिथं?"

"तुम्हीच, साहेब."

तोए स्वतः सामो. आणि सामोंचे थट्टेचे भाऊबंद म्हणजे मोसी, ज्यांनी आमचं सगळं मंत्रालय भरलेलं आहे. रोज सकाळी शिपायापासून सचिवापर्यंत प्रत्येक मोसी त्याला गुलाम म्हणून चहाचे पैसे मागतो आणि तो देतो. त्याला आणखी समजावून सांगायची गरज नव्हती. झेझुमानं तरीही पॅरिसच्या त्या प्रश्नाबद्दल सांगितलं. तोएनं ते नीट ऐकून घेतलं आणि मग मोठा उसासा टाकला. "मंत्र्याकडे मी जातो. तोही काही आकाशातून पडलेला नाही, त्यालाही आडनाव आहे. करा सही. आणि दादा, त्या बाईला सांगा, सामोंनीही सोडलं म्हणून."

सही झाली. निकिएमाबाईंनी प्रत्येक पान दोनदा वाचलं आणि मग, कुणाला वाटलंही नसतं, त्यांनीच पहिली टाळी वाजवली. तोगोला तर रडायलाच लागला. दादो उठली, टेबलाला वळसा घालून झेझुमाच्या खुर्चीपाशी आली, खाली वाकली आणि त्याच्या कानात काहीतरी पुटपुटली.

झेझुमा ताडकन उभा राहिला. "म्हणाली! ऐकलंत का? म्हणाली ती!"

"कोण म्हणालं? काय म्हणालं?" दादोनं झगा सावरला. "तोगोला, तू काही ऐकलंस?"

"काही नाही, मदाम," तोगोला डोळे पुसत म्हणाला.

"निकिएमाबाई, इतिवृत्तात घ्या!"

"जे ऐकू आलं नाही ते मी घेत नाही," निकिएमाबाई म्हणाल्या.

सगळे हसत होते, फिलोमेन परात घ्यायला आली होती तीही दारात उभी राहून हसत होती. अशा वेळी दादो म्हणाली, "आता शेवटचं मागते. गुलामा, माझ्याबरोबर पॅरिसला चल. तिकीट आमचं सरकार काढील. तू नुसता माझ्या मागं बस. त्या अध्यक्षानं चष्म्यावरून बघितलं, की तुझं पोट हलताना मला दिसलं पाहिजे. म्हणजे मला भीती वाटणार नाही."

सगळ्यांनी झेझुमाकडे बघितलं. फुलानीनं मागितलं होतं, चारचौघांत. निकिएमाबाईंच्या मनात तर आलंही, की आता याच्या निवृत्तीचे कागद पुढं ढकलावे लागणार.

आणि झेझुमा मिलोगो म्हणाला, "नाही."

भुवया खाली होत्या. पोट हललं नाही. आवाज असा स्वच्छ आला, की बाहेरचा शिपाई किटली हातात घेऊन आत डोकावला.

"नाही!" तो पुन्हा म्हणाला, कारण त्याला तो शब्द फार आवडला. "कर्ज घे, खुर्ची घे, हा सूट काढून घे. पण त्या खोलीत मी पुन्हा पाऊल टाकणार नाही. नाही म्हणजे नाही. नाही, नाही, नाही!"

फिलोमेनच्या हातातली परात खाली पडली. ती गडगडत टेबलाखाली गेली, तिकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. "अहो," ती म्हणाली, "पुन्हा म्हणा."

"नाही!" झेझुमा तिला म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तो हसत सुटला.

"बोबोनं फुलानीला नकार दिला!" दादो छातीवर हात ठेवून ओरडली. "साक्षीदारांसमोर! दंड! दोन कोंबड्या! आत्ताच्या आत्ता!"

"देतो," झेझुमा डोळे पुसत म्हणाला. "पण आज नाही."

दादो पॅरिसला एकटीच गेली, शाल घेऊन. सगळं नाही, पण पुष्कळ माफ करवून आली. अध्यक्षानं पहिला प्रश्न विचारला तेव्हा तिनं उत्तर दिलं, आणि बंद दाराबाहेर बसली असताना तिला एकदम झेझुमाचं ते नाही-नाही आठवून इतकं हसू आलं, की तिनं बिस्किटाची अख्खी बशी संपवली. हे तिनंच आम्हाला सांगितलं. कारण त्या वर्षी कापणी झाल्यावर ती बसनं बोबोला आली, आपल्या कोंबड्या वसूल करायला. झेझुमा तेव्हा निवृत्त होऊन घरी आला होता. अंगणात खुर्ची टाकून बसला होता.

"कोंबड्या दे," ती म्हणाली.

झेझुमानं चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. "नाही."

तेव्हापासून दर वर्षी कापणीनंतर दादो सिदिबे येते. कोंबड्या अंगणातच फिरत असतात, तिच्या पायांत येतात. ती मागते, तो नाही म्हणतो, ऐकायला अर्धा मोहल्ला जमतो. फिलोमेन दोन कोंबड्या कापते, रस्सा करते, सगळे पोटभर जेवतात. त्या कोंबड्या दंडातून वजा का होत नाहीत, असं एकदा निकिएमाबाईंनी विचारलं होतं. त्या पाहुणचाराच्या, असं त्यांना सांगण्यात आलं. पोरं म्हणतात, आजोबा, देऊन टाका ना एकदाच्या, किती वर्षं फिरवताय बिचारीला. झेझुमा त्यांच्याकडे असा बघतो, जणू ती पोरं परदेशात वाढली आहेत.

"देऊन टाकल्या," तो म्हणतो, "तर पुढच्या वर्षी ती कशाला येईल?"